तारेने बांधलेलं दार

दारूगोळ्याची लॉरी चालवताना मामा आपल्या बाजूचं दार तारेने मागे बांधून ठेवायचा, सताड उघडं. आग लागली तर कडी शोधायला वेळ मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याचा जोडीदार. थंडीने माझे दात वाजायचे.

"मामा, दार लाव की! गोठलो मी."

"गोठलास तर शेकोटीपाशी ठेवीन. भाजलास तर काय करू?"

सगळी तुकडी त्याला मामाच म्हणायची. लॉरी जुनी होती. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की डावीकडे ओढायची, आणि ऐन लढाईत दुरुस्तीला कोण घेणार? "म्हातारीचं माहेर आहे त्या बाजूला," मामा म्हणायचा.

त्या दुपारी मी पाय मोडून जखमींच्या तंबूत पडलो होतो. बाहेर तोफेचा गोळा फुटला आणि एकच ओरडा झाला, "लॉरी पेटली!" कोपरावर उठून मी बाहेर पाहिलं. आमचीच! ताडपत्री भडकलेली, खाली गोळ्यांच्या पेट्या, आणि शेजारी आणखी भरलेल्या लॉऱ्या. सगळे लांब पळत सुटले. मामा तेवढा तिच्याकडे धावला! चढला, इंजिन गुरगुरलं, आणि लॉरी सुटली थेट नदीच्या उताराला.

"उडी मार, मामा! उडी मार!"

दार उघडंच होतं. पाय बाहेर टाकला की सुटला! मीही ओरडायला तोंड उघडलं आणि थिजलो. उताराचा रस्ता आमच्या तंबूंसमोरून जायचा, आणि तंबू होते डाव्या हाताला. त्याने स्टिअरिंग सोडलं की म्हातारी सरळ आमच्या अंगावर! हे मला ठाऊक होतं आणि मामाला. बाकी कुणालाच नाही.

लॉरी समोर आली. धग गालाला लागली. मामा दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे दाबून बसला होता, बाही पेटलेली.

सगळे उडी मार म्हणत होते. मी ओरडलो, "धर, मामा! सोडू नकोस!"

शेवटचा तंबू मागे पडला. "आता! आता मार उडी!" घसा फुटेस्तोवर ओरडलो. लॉरी काठावरून झेपावली आणि नदी आभाळाला भिडली.

तंबूतल्या एकालाही ओरखडा उठला नाही. दार काठावरच्या चिखलात सापडलं, मामा सापडला नाही. तार तशीच पिळलेली.

पाय बरा झाल्यावर मला दुसरी लॉरी मिळाली. तिचंही दार मी तारेने बांधलं. शेजारचा कुरकुरायचा, "थंडी वाजते हो!"

"वाजू दे," मी म्हणायचो, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचो.