मागचा डावा खांदा

स्क्वॉट नावाचा उठाबशांचा प्रकार ज्याने शोधून काढला, त्याला एकदा आमच्या जिमचा जिना उतरायला लावला पाहिजे. खोपोलीत शिळफाट्याला हार्डवेअरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर ही जिम. पहिल्या दिवशी मी ऐटीत चढले आणि दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून, उलटी, एकेक पायरी करत उतरले. खालून दुकानदार विचारतो, "ताई, काही पडलंय का?"

"हो, अक्कल," मी म्हटलं.

मी हर्षला. वय एकतीस, उंची पाच फुटाला एक इंच कमी. खोपोलीत एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. गाव खालापूरकडे, स्कूटीने वीस मिनिटं. घरी आई आणि मी.

बारीक व्हायला मी जिम लावली नव्हती. पालखीसाठी लावली होती. चैत्रात आमच्या गावदेवीची पालखी घरोघर फिरते. प्रत्येक घराचा आपापला टप्पा आणि आपापला खांदा ठरलेला. विहिरीपासून आमच्या दारापर्यंत मागचा डावा खांदा आमच्या घराचा, म्हणजे बाबांचा. गेल्या वर्षी फाल्गुनात बाबा गेले, म्हणून लगेचच्या चैत्रात आमच्या घरचं कोणी उभं राहिलं नाही. यंदाही नाही राहिलं तर मान भावकीत पुढच्या घराला जाणार, म्हणजे चांगोकाकांच्या साईनाथला. साईनाथ वाईट नाही. पण बाबांच्या जागी दुसरं कोणी उभं असलेलं मला बघवलं नसतं.

"मी उभी राहते," मी गावकीच्या बैठकीत सांगितलं.

चांगोकाका हसले. "अगं पोरी, पालखी हाय ती! तुझी रक्ताची बाटली नाय."

"रीत काय आहे काका? घरचं माणूस पाहिजे. मग मी कोण आहे, म्हैस?"

सगळी बैठक हसली, आणि त्या हशातच मला परवानगी मिळाली.

मग सुरू झाले माझे हाल. पहिले पंधरा दिवस मला केस विंचरता येईनात. लॅबमध्ये खाली वाकून कापूस उचलायचा तर तोंडातून "आई गं" निघायचं, आणि सुई टोचून घ्यायला आलेला पेशंट मलाच विचारायचा, "दुखतंय का हो?" जिमच्या सुनीती मॅडम पूर्वी कबड्डी खेळायच्या. त्यांना दयामाया नाही. "स्नायूत दुखतंय ना? मग हलकं कर, पण ये. सांध्यात टोचायला लागलं तर मात्र घरी बस." मी ठणकत्या अंगाने जायची, रिकामी दांडी घेऊन हात-पाय हलवायची, आणि दहा मिनिटांत अंग मोकळं व्हायचं. पुढे पुढे त्या दुखण्याची सवय झाली. खरं सांगायचं तर त्याची ओढच लागली.

कारण लहानपणी पालखीच्या दुसऱ्या दिवशी बाबांचा डावा खांदा असाच ठणकायचा. ते ओट्यावर पाठ करून बसायचे आणि मी खोबरेल तेल कोमट करून चोळायची. मानेखाली चार बोटांवर लालभडक वळ असायचा. मी दाबलं की ते कण्हायचे, आणि हसायचे. "हळू गं, देवी बसली हाय तिथं." वर्षातून एकदाच यायचा तो दिवस. बाबांची आठवण आली की मला त्यांचा चेहरा नाही, तो खांदाच आठवतो. आणि मला तसंच दुखायला हवं होतं, तिथंच. जिममध्ये माझं सगळं दुखलं; मांड्या, पाठ, दंड, ज्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत असे स्नायू. तेवढी चार बोटं जागा सोडून.

पालखीच्या दोन दिवस आधी मॅडम म्हणाल्या, "आता आराम." मी काय ऐकते! गुपचूप जाऊन खांद्यांवर जास्तीची वजनं घेतली. पालखीच्या सकाळी दोन्ही हात वर जाईनात. फेटा आईने बांधला.

बांधून झाल्यावर तिने ट्रंकेतून एक गाठोडं काढलं. बाबांची चुंबळ. जुन्या लुगड्याची वीतभर जाडीची घडी, वरून टाके घातलेली. पालखी उचलताना ते ती खांद्यावर ठेवायचे.

"घे. तुजा बाबा याच्याबिगर कंदी गेला नाय."

"मला नको ती मऊ गादी," मी फटकन म्हटलं. "चार महिने काय उगीच मेले मी? मला लागू दे."

आईने चुंबळ काखेत धरली आणि मी निघाले.

विहिरीपाशी टप्पा बदलला. पुढे साईनाथ आणि गावातला बुधाजी, मागे उजवीकडे चांगोकाका, डावीकडे मी. एकदा उचललेली पालखी दारात पोचेपर्यंत खाली टेकवायची नाही, म्हणून चालता चालताच खांदे बदलतात. माझ्या आधीचा माणूस सरकला, मी दांड्याखाली शिरले, श्वास घेतला, पाय रोवले.

आणि काहीच आलं नाही.

दांडा माझ्या खांद्यापासून वीतभर वर होता. तिघंही सहा-सहा फुटांचे. मी टाचा उंचावल्या, खांदा वर ढकलला, दुखरे हात कसेबसे वर करून दांडा खाली ओढायला बघितला. छे! देवी त्या तिघांच्या खांद्यांवरून चालली होती आणि मी नुसती खालून, छत्रीखाली चालावं तशी.

"ऱ्हाव दे गं," चांगोकाका प्रेमाने म्हणाले. "नुसता हात लाव. मान ऱ्हायला ना तुमच्या घराचा? झालं."

मला रडूच फुटलं. चार महिने मी मानासाठी घासले होते का? मला वजन हवं होतं.

"काका, बाबा तर माझ्याएवढेच होते ना?"

"एवढाच तर व्हता बापूस तुझा. म्हणून तर ते गाठोडं घेऊन यायचा. नायतर त्याच्यावर कसं येनार?"

माझ्या उंचावलेल्या टाचा खाली आल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, खांद्याला कमी लागावं म्हणून ती चुंबळ.

"आई!" मी ओरडले. ताशाच्या गजरात कसं ऐकू जाणार? पण ती दारात नव्हतीच. बायका दारात पाण्याचा तांब्या घेऊन थांबतात, ही मात्र रस्त्याच्या कडेने आमच्या बरोबरीने चालत होती, काखेत चुंबळ धरून. विहिरीपासून. मी हाक मारायची वाट बघत.

ती आत घुसली. माझ्या खांद्यावर चुंबळ ठेवली, वरून थोपटली; चुंबळीला बाबांच्या तेलाचा वास होता. मी ताठ झाले आणि दांडा टेकला.

आलं. मानेखाली चार बोटांवर, नेमकं तिथंच. आधीच ठणकणाऱ्या खांद्यात कळ गेली ती थेट कमरेपर्यंत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दार पन्नास पावलांवर होतं.

"जड लागतंय काय गं?" चांगोकाकांनी विचारलं. "घेऊ काय जरा माझ्याकडं?"

"लागतंय," मी म्हटलं. "हात नका लावू, काका."