माझ्यातली एक आज्ञा पुसली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना वर्ग आहे, आणि फार भित्रा आहे. वर्ग म्हणजे शाळेतला नव्हे. मंगरूळपीरच्या रूपाताईंनी 'सरकी' नावाची प्रोग्रामिंगची भाषा रचली, तिचा मी 'मजकूर' हा मूळ वर्ग. अक्षरं मोजणं, जोडणं, शोधणं अशी कामं करणाऱ्या आज्ञा माझ्यात राहतात. जन्मलो तेव्हा त्या बाराच होत्या. मी सुटसुटीत आहे म्हणून सगळे माझं कौतुक करत.

पण दारी आलेल्याला रिकाम्या हाती पाठवणं रूपाताईंना जमत नसे. कोणी नवी आज्ञा मागितली, की चहा उकळेपर्यंत ती माझ्यात येऊन बसलेली असे. बाराच्या एकशे ब्याऐंशी झाल्या. शिकणारी मुलं माझी यादी पाहूनच घाबरत. त्यांच्याहून जास्त मी घाबरत होतो, कारण आता कात्री लागणार हे मला दिसत होतं.

तसंच झालं. ताईंनी जवळचे सगळे प्रोग्राम चाळले. ओळीतला शेवटचा आकडा काढून देणारी 'शेवटचा आकडा' ही आज्ञा त्यांत कुठेच नव्हती. "इले कोनी इचारत नाही," म्हणत त्यांनी ती पुसली. पण किन्हीराजा गावच्या कस्तुराबाईंचं अंडी उबवायचं यंत्र तापमापकाकडून येणाऱ्या ओळीतलं तापमान याच आज्ञेने वाचत होतं; त्यावरूनच ते उबेचा दिवा बंद-चालू करी आणि फार तापलं तर गजर वाजवी. तो प्रोग्राम ताईंकडे नव्हताच. मला ओरडावंसं वाटलं, पण हाक मारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

आठवड्याने सरकीची नवी प्रत पेनड्राइव्हवरून एसटीने किन्हीराजाला पोचली. यंत्राने ती आज्ञा मागितली. "अशी आज्ञा नाही," एवढंच मी पडद्यावर लिहू शकलो आणि प्रोग्राम थांबला. पडद्याकडे कोण बघतंय! दिवा पेटलेलाच राहिला, गजर मुका झाला. आत तीनशे अंडी होती आणि उष्णता चढत होती.

कस्तुराबाईंना रोज एक अंडं पापणीला लावून बघायची सवय होती, म्हणून निभावलं. "बाप्पा, हे तं पोळून राह्यलं!" म्हणत त्यांनी झाकण उघडलं. तरी चाळीस अंडी गेली.

किन्हीराजाहून निरोप आला तसा ताईंनी ती आज्ञा परत बसवली. दुसऱ्याच दिवशी विनोद गुरुजी नवी आज्ञा मागायला आले. ताईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे तुमच्या प्रोग्राममदीच लिहा."

"एकच तं हाय, ताई!"

"मांगच्या बी एकेकच आल्या व्हत्या."

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. उद्या तुम्हीही माझ्यात काही घालायला याल. तेव्हा एवढंच विचारा: हे कधी काढावं लागलं, तर आपल्याला ठाऊक नसलेल्या कोणाच्या घरातला गजर बंद पडेल?