दोन मीटरची मुळं

ज्यांच्या सालीची बाटल्यांची बुचं होतात, त्या आमच्या एकसष्ट ओक झाडांमध्ये एक लोखंडी मनोरा उभा आहे. झाडं किती पाणी पितात, ते तो मोजतो. लिस्बनहून इरिया येते, ते आकडे काढते आणि संगणकातल्या मॉडेलच्या आकड्यांशी ताडून बघते. विहिरीचं पाणी किती खोल गेलं, ते मी दर सोमवारी दोरी सोडून मोजतो आणि तिच्यासाठी वहीत लिहितो.

अकरा वर्षं मॉडेल चुकत आलं. जुलै लागला की ते म्हणायचं, झाडांचं पाणी संपलं. मनोरा म्हणायचा, पितायत.

"तुझ्या मॉडेलमधल्या झाडांना मुळं किती गं?" मी एकदा विचारलं.

"दोन मीटर, काका."

"मग ती झाडं नव्हेत, कोबी आहे. विहीर खणताना नऊ मीटरवर मूळ लागलं होतं, अंगठ्याएवढं."

"ते आकडे बदलायचे म्हणूनच तर तुमच्याकडे येते ना."

तेव्हापासून ती आली की मी विचारायचो, "काय, वाळला का कोबी?"

यंदा ती हसली नाही. टेबलावरचा पाव आणि ऑलिव्ह बाजूला सारून तिने कागद पसरला. मॉडेलची रेघ आणि मनोऱ्याची रेघ, मे महिन्यापासून एकमेकींवर बसून खाली उतरलेल्या.

"म्हणजे तुझं बरोबर आलं."

"यायला नको होतं. त्यात मुळं अजून दोन मीटरच आहेत. विहीर किती?"

"तळ लागला. तीन सोमवार दोरी कोरडीच येते."

"वहीत नाही लिहिलंत."

"नाही. तुझा मनोरा बिघडला असेल."

"दोनदा तपासला, काका."

मी कुऱ्हाड घेऊन बाहेर पडलो. नऊ वर्षांनी साल काढायची पाळी यंदाच होती. झाड पाणी पीत असलं की फटीत पातं जरा पिळताच साल कापडासारखी टरकन सुटते. घराजवळच्या थोराड झाडावर घाव घातला, पातं पिळलं. आवाज नाही. जोर केला तेव्हा सालीचा तुकडा मोडून आला आणि झाडाची आतली कातडी त्याला चिकटून आली.

"एकावरून कसं ठरवायचं?" मागोमाग आलेली इरिया म्हणाली. "दुसरं बघू या."

दुसरं पाहिलं. तिसरं पाहिलं. चौथ्यापाशी तिने माझा हात धरला.

"बास, काका. जखमा होतायत."

"होऊ देत. नाहीतरी जगायला आता पाणी कुठाय त्यांना?"