द्वारकाबाईंच्या फुंकणीचा सूड

मुलांनो, मी काटेवाडीतली एक जुनी लोखंडी फुंकणी आहे, आणि मला एक वैरी आहे. त्याचं नाव रावजी. तो माझ्या मालकिणीचा नवरा.

एका लोहाराने मला नळीच्या तुकड्यातून घडवलं. द्वारकाबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हापासून मी त्यांच्या हातात आहे. त्यांच्या एका फुंकरीत ओलं सरपणही पेट घ्यायचं. पाहुणे भाकरीचं कौतुक करायचे, तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग ती साथ आली. द्वारकाबाई बारामतीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होत्या. परत आल्या त्या वाळून. फुप्फुसं चामड्यासारखी ताठ झाली आहेत, आता धूर वर्ज्य, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात गॅस होता. पण रावजींना भाकरी चुलीवरचीच लागायची. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे बाई ठणठणीत झाली, असं ते गावभर सांगत. बाई धापा टाकत माझ्यात फुंकायच्या आणि मी आतल्या आत जळायचे.

एकदा मोरगावचे व्याही जेवायला आले. दोन फुंकरींतच बाईंचे ओठ काळेनिळे पडले. ओसरीवरून रावजी म्हणाले, “ढोंगं पुरे झाली. चूल पेटीव.”

बाई उठल्या. सगळ्यांदेखत त्यांनी मला रावजींच्या पुढ्यात ठेवलं.

“रोग गेला, पर फुप्फुस नासवून गेला. चुलीचीच भाकर पायजे तर तुमी फुंका. माझा दम आता माझ्यापुरताच हाय.”

व्याही रावजींकडे बघत राहिले. रावजींना उठावंच लागलं. श्वास घेताना फुंकणी तोंडातून काढायची असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी माझ्यातूनच श्वास ओढला, आणि मी चुलीतली सगळी राख त्यांच्या घशात सोडली. डोळे पांढरे होईपर्यंत ते खोकले. खोटं कशाला बोलू, मला भारी आनंद झाला.

बाई हसल्या नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणाल्या, “मला रोज आसंच हुतं. नुसतं अंगणात चालताना.”

त्या दिवशी भाकरी गॅसवर झाल्या, आणि पुढेही तिथंच होत राहिल्या.

मुलांनो, ताप उतरला म्हणून माणूस बरं झालं असं समजू नका. घरात कुणी दम लागतो म्हणालं, तर त्याचं खरं माना. रावजींनी अजून बाईंची माफी मागितलेली नाही. परसातल्या चुलीवर ते आपल्या आंघोळीचं पाणी स्वतःच तापवतात. रोज सकाळी मी त्यांच्या तोंडाशी असते, आणि मला कसलीच घाई नाही.