शिवणाच्या खोलीतली कात्री

‘आजपासून या शाळेत भीतीला जागा उरलेली नाही,’ असं मुख्याध्यापकांनी सकाळच्या सभेत जाहीर केलं. ते शब्दशः खरं होतं. घाबरलेल्या मुलांनी ज्या खोलीत जाऊन बसायचं, ती समुपदेशनाची खोली त्यांनी आदल्याच दिवशी नव्या सुरक्षा अधिकाऱ्याला दिली होती. समुपदेशक ताईंना नारळ मिळाला, आणि त्यांचा मऊ सोफा अधिकाऱ्याच्या दुपारच्या झोपेला.

अधिकारी पोलिसातून निवृत्त झालेला. गळ्यात शिट्टी, कमरेला वॉकीटॉकी. दुसरा वॉकीटॉकी मुख्याध्यापकांकडे. दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती आणि दोघांचेही आवाज खणखणीत, त्यामुळे एक निरोप दोनदा ऐकू येई.

ताई गेल्यावर रडणाऱ्या, चिडणाऱ्या, वर्गातून पळणाऱ्या मुलांचं काम उपमुख्याध्यापिकाबाईंच्या गळ्यात पडलं. ‘उपमुख्याध्यापिका’ म्हणेपर्यंत मधली सुट्टी संपते, म्हणून मुलं त्यांना उपबाई म्हणत. या कामाची एक कार्यशाळा त्यांनी केली होती. समोरच्याच्या नजरेपेक्षा खाली बसावं. आवाज बारीक ठेवावा. ‘का’ विचारू नये. शिकवणारी मुलगी तरुण होती. खाली बसल्यावर उठायचं कसं, हे तिने शिकवलं नव्हतं.

सभेच्याच दिवशी नववीच्या वर्गशिक्षिका धापा टाकत उपबाईंकडे आल्या.

“मला ढकललं आणि शिवणाच्या खोलीत पळाली. हातात कात्री आहे. कापड कापायची, मोठी.”

“कोण?”

“ती हो, मागच्या बाकावरची. आई गेली ना तिची नुकतीच.”

“त्याआधी काय झालं?”

“काही नाही. किती दिवस तीच वेणी, वास मारतोय, शेजारच्या मुली नाक धरून बसतात. म्हटलं, सोड आणि विंचर. ऐकेना, म्हणून मी नुसतं रबर ओढायला गेले.”

शिवणाच्या खोलीबाहेर मुख्याध्यापक घाम पुसत उभे होते. दाराला वरच्या बाजूला वीतभर काच होती, आणि अधिकारी तिला नाक लावून होता.

“मॅडम, बाजूला व्हा,” तो म्हणाला. “खाली पाडायचं, हात मागे घ्यायचे, पोलिसांची गाडी बोलवायची. चुटकीसरशी होतं.”

“नववीतली मुलगी आहे ती.”

“कात्रीला इयत्ता नसते, मॅडम.”

उपबाई मुख्याध्यापकांकडे वळल्या. “सर, मी हाक मारल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. शब्द द्या.”

“दिला,” मुख्याध्यापक म्हणाले. शब्द देण्यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं.

मुलगी कोपऱ्यात, मशिनांच्या मागे उभी होती. कात्री उघडी, मानेजवळ. उपबाईंनी आत येऊन दार लोटून घेतलं. ‘मी इथे बसते हं’ असं पुटपुटत त्या टेबलाचा पाय धरून फरशीवर टेकल्या. दोन्ही गुडघ्यांनी आपापलं मत नोंदवलं.

“खाली का बसलात?” मुलीने विचारलं.

“दमले.”

“ते आत येतील?”

“मी बोलावल्याशिवाय नाही. सरांनी शब्द दिलाय.”

मुलीने काचेकडे बघितलं, मग उपबाईंकडे.

“मला कोणाला मारायचं नाहीये.”

“बरं.”

“वेणी कापायचीये.”

‘का’ हा शब्द उपबाईंच्या ओठांपर्यंत आला. तो गिळून त्या म्हणाल्या, “कुठून?”

“वरून. अख्खी.” कात्री थोडी खाली आली. “आईने घातलीये. दवाखान्यात. तिच्या एका हाताला सलाईन होतं, म्हणून वाकडी झाली. एक पेड मी धरला होता. आता मावशी म्हणते, धू. बाई म्हणतात, सोड. सोडली की संपलीच ना?”

कार्यशाळेत या जागी काहीच लिहून दिलेलं नव्हतं.

“नुसती कापलीस तर वरून उसवेल,” उपबाई म्हणाल्या. “वरच्या टोकालाही रबर हवं.”

हे मुलीच्या लक्षातच आलं नव्हतं. तिचा चेहरा पडला.

उपबाईंनी आपल्या अंबाड्याचं रबर काढलं. पिकलेले केस खांद्यावर आले. “हे घे. मी बांधते, मग कापू.”

“ओरडणार नाही?”

“वाकडं कापलंस तर ओरडेन.”

मुलगी हसली नाही, पण हसण्याच्या आसपास कुठेतरी जाऊन आली. पुढे येऊन तिने कात्री मिटली आणि टेबलावर ठेवली.

“आता मला उठव,” उपबाई म्हणाल्या. “हे गुडघे माझं ऐकत नाहीत. दोन्ही हात धर आणि मागे रेल.”

मुलीने मनगटं घट्ट धरली आणि सगळा जोर लावून ओढलं.

काचेतून टेबल दिसत नव्हतं. काचेतून दिसलं ते इतकंच, की केस विस्कटलेल्या उपबाईंना ती मुलगी फरफटत ओढतेय. अधिकाऱ्याने मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी मान हलवली. शब्द दिला होता तो तोंडाने; मानेने काहीच दिलं नव्हतं.

दार आपटलं. उपबाई पुन्हा खाली कोसळल्या. मुलगी पालथी पडली, हात मागे गेले, आणि पाठीवर, मानेच्या जरा खाली, अधिकाऱ्याचा गुडघा आला. तो गुडघा धडधाकट होता.

“सोडा तिला,” उपबाई म्हणाल्या. “कात्री टेबलावर आहे. मीच ओढायला सांगितलं होतं.”

“मॅडम, तुम्ही घाबरल्या आहात. पाणी प्या,” तो म्हणाला, आणि दारातच उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांना त्याने वॉकीटॉकीवर कळवलं, “परिस्थिती नियंत्रणात.” मुख्याध्यापकांनीही वॉकीटॉकी तोंडाशी नेऊन ‘समजलं’ असं उत्तर दिलं. मग ते गाडीला फोन करायला गेले.

उपबाईंनी उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. दोघींचे चेहरे एकाच उंचीवर होते, फरशीच्या. मुलगी रडत नव्हती. उपबाईंकडे बघत होती. आता सांगण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “त्यांना सांगा ना, गुडघा थोडा सरकवायला. रबर निघालंय. वेणी सुटतीये.”