रामरावांचा रिपोर्ट

साखरखेर्ड्यात भगवंतरावांचं घर शोधायला कुणाला पत्ता लागत नसे. मागच्या अंगणात घराच्या तिप्पट उंचीचा लोखंडी टॉवर होता आणि त्याच्या डोक्यावर आडव्या नळ्यांचा अँटेना. निम्म्या गावाच्या मते तो मोबाइल कंपनीचा होता आणि भाडं भगवंतराव गुपचूप खात होते. उरलेल्या निम्म्याच्या मते त्याच्यामुळे चिमण्या गेल्या, पण रेंज काही आली नाही. भगवंतराव चिखलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. हा हौशी रेडिओ आहे, सरकारचा परवाना आहे, इथून जगभर बोलता येतं, हे त्यांनी पुष्कळांना समजावून पाहिलं. "मंग फोन काऊन करत नाही?" या प्रश्नापाशी विषय दर वेळी संपायचा.

हा प्रश्न कधीच न विचारलेला माणूस पंचक्रोशीत एकच, दुसरबीडचे रामराव. शेती बक्कळ, जीभ तिखट. परवान्याची परीक्षा दोघांनी सोबत दिली होती आणि तेव्हापासून रोज सकाळचा चहा दोघं आपापल्या घरी, पण हवेत सोबत प्यायचे.

हवेत भेटलं की एकमेकांना रिपोर्ट द्यायचा असतो. पहिला आकडा शब्द किती स्पष्ट आले त्याचा, दुसरा आवाज किती जोरात आला त्याचा. पाच-नऊ म्हणजे याहून चांगलं काही नाही. त्यामुळे अनोळखी माणसं सगळ्यांनाच पाच-नऊ देतात. लग्नातल्या जेवणाला आपण छान म्हणतो आणि हात धुवायला उठतो, तसं. रामराव मात्र कढीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्यांतले. "सर, आज तुमचा आवाज पिंपातून येऊन राह्यला. चार-पाच," असं ते एकदा म्हणाले आणि खरोखर केबलच्या जोडात पाणी निघालं. भगवंतरावांना त्या दिवशी इतका आनंद झाला, की त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंना वाटलं, पुण्याहून मुलीचा, मंजुश्रीचाच फोन आला.

तर या रामरावांनी महिनाभर तीन-तीन लावून धरलं होतं. "सर, अर्धे शब्द तर मले समजतच नाही." जबलपूरचा एक गृहस्थ पाच-नऊ म्हणाला, पण तो अनोळखी. अँटेना तपासायचं मीटरही सगळं ठीक दाखवत होतं. भगवंतरावांनी मीटरला दोन टिचक्या मारल्या आणि ते म्हातारं झालं असं ठरवलं. मीटर विकत आणलेलं होतं, रामराव कमावलेले होते.

मग टॉवर आडवा करायचं ठरलं. बुडाशी बिजागरी, तिच्यात जाड पिन, आणि शेजारच्या खांबाला विंच, म्हणजे हातानं फिरवून पोलादी तार गुंडाळायचा रहाट. अख्खा टॉवर माणसानं खाटेवर पाठ टेकावी तसा निजतो. वर चढावं लागू नये म्हणून भगवंतरावांनी स्वतः आखलेली ही व्यवस्था. तिचे नियम त्यांनी घरात इतक्यांदा म्हटले होते, की सरस्वतीबाईंना ते आरतीसारखे पाठ होते. वारा नको. एकट्यानं हात लावायचा नाही. टॉवरखाली कुणी उभं राहायचं नाही. विंचवाला तेवढा बोलेल, बाकीचे ऐकतील.

सरस्वतीबाईंचा टॉवरला विरोध जुना आणि जाहीर होता. मागच्या खेपेला दोर निसटून लोखंड भगवंतरावांच्या कानाजवळून गेलं, तेव्हापासून तर तो रोज ताज्या पोळीसारखा वाढला जायचा. या खेपेला मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. भगवंतरावांनी याचा अर्थ मोठ्या मनानं घेतला.

रामराव सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आले. मागे रिकामी ट्रॉली, लांबच लांब.

"एवढी जत्रा कशाला आणली?"

"जाताना ढेप न्यायची हाय, सर."

ट्रॉलीत जुन्या गाद्या अंथरलेल्या होत्या. ढेपेला गाद्या लागतात का, हा प्रश्न भगवंतरावांना शिवलासुद्धा नाही.

काम मात्र नमुनेदार झालं. रेडिओची वायर काढली. ट्रॉलीशेजारी टॉवर टेकवायला लाकडी घोड्या मांडल्या. बाजूचे तणावे तसेच ठेवले, म्हणजे टॉवर डाव्या-उजव्या अंगाला झुकणार नाही. सरस्वतीबाई ओट्यावर पहाऱ्याला उभ्या राहिल्या आणि मांजर दिसलं तरी ओरडायचं कबूल केलं.

"ओढा," भगवंतराव म्हणाले. रामरावांनी बाजूला उभं राहून वरचा दोर ओढला. टॉवरनं जरा विचार केला आणि कलला.

मग विंचची कटकट सुरू झाली. टॉवर उभा असताना त्याचा भार जमिनीवर असतो. तो जसजसा आडवा होतो, तसतसा सगळा भार विंचच्या तारेवर आणि दांड्यावरच्या हातांवर येतो. म्हणून शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट. तिथेच भगवंतरावांचे दंड थरथरले.

"थांबा!" रामराव ओरडले. नियमाप्रमाणे ओरडायचं नव्हतं. "खटका बसू द्या. दम घ्या, सर. घाई कोनाले हाय?"

भगवंतरावांनी दम घेतला. हा माणूस समोर असताना आपल्याला काही होणार नाही, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. मग टॉवर घोड्यांवर अलगद टेकला.

ते लगबगीनं टोकाशी गेले आणि जोडावरची पट्टी सोडली. आत तांबं नव्यासारखं चकचकीत. पाण्याचा टिपूस नाही. दुसरा जोड सोडला, तोही तसाच. केबल बोटांखालून घेत ते बुडाकडे येऊ लागले. कुठे चीर नाही, कुठे गाठ नाही.

"रामराव, सगळं ठणठणीत आहे हो. मग तीन-तीन कसं?"

रामराव बिजागरीपाशी वाकले होते. हातात कोरा, लांब पाना. "सर, पिन काढू काय?"

इतक्या वर्षांत पिन कधी निघाली नव्हती. दुरुस्तीला पिन काढायची गरजच नसते. टॉवर कायमचा न्यायचा असेल तरच ती काढतात.

भगवंतरावांनी पान्याकडे पाहिलं. मग ट्रॉलीकडे, गाद्यांकडे, आणि शेवटी ओट्याकडे.

"सांगून टाका ना, भाऊजी," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मले नाही होत आता."

रामरावांनी पाना या हातातून त्या हातात घेतला. "वहिनी म्हने, तुम्ही आता पुण्याले मंजुश्रीकडं जानार. हे लोखंड सांभाळायचं वय राह्यलं नाही. तुम्ही सांगून ऐकत नाही. मंग म्हटलं, पडून सडन्यापेक्षा माह्या वावरात उभा राहीन. तुमच्याच नावानं."

"पुण्याला जायचं मला कुणी विचारलं?"

"विचारलं असतं तर गेले असते?" सरस्वतीबाईंनी विचारलं. "तुमचं डोकं फुटलेलं मले पाहायचं नव्हतं. मीच सांगितलं त्याहिले, काहीतरी करा म्हून."

"तू सांगितलंस ते ठीक. तू कायमच सांगत आलीस." भगवंतराव रामरावांकडे वळले. "टॉवर हवा होता तर मागायचा. पण तुम्ही रिपोर्ट खोटा दिलात?"

"सर, आता रिपोर्टचं काय घेऊन बसले! आकडेच तर हायेत."

भगवंतराव विंचशी गेले आणि दांडा उलटा फिरवू लागले. टॉवरचं टोक घोडीवरून वीतभर उचललं, डुललं. दोर मोकळाच लोंबत होता. रामरावांनी धावत जाऊन तो धरला. "सर, एकट्यानं नाही! तुमचाच नियम हाय!"

नियम त्यांचाच होता. त्यांनी टोक परत टेकवलं आणि हातमोजे काढले.

"पिन आधी नका काढू," ते म्हणाले. "आधी विंचची तार ढिली करा. नाहीतर टॉवर उसळेल आणि बोटं जातील."

रामरावांनी सांगितलं तसंच केलं. दोर धरण्यात आणि सांगितलेलं ऐकण्यात तो माणूस आजही शंभर नंबरी होता. ट्रॉली वळणावर दिसेनाशी होईपर्यंत नळ्या बाहेर डुलत राहिल्या.

पुण्याचं सामान बांधायला घेतलं, तोवर दुसरबीडच्या वावरात टॉवर उभा राहिला होता. भगवंतरावांकडे आता हातातला छोटा सेट तेवढा उरला होता. एका सकाळी चहाच्या वेळी त्यातून रामरावांचा आवाज आला.

"सर, नव्या जागेवरून पहिल्यांदा तुम्हालेच हाक मारून राह्यलो. रिपोर्ट द्या."

भगवंतरावांनी सेटचा आवाज आधीच बारीक करून ठेवला होता. त्यांनी बटण दाबलं.

"पाच-नऊ."

"खरं सांगा, सर. खरखर येते काय? मले वाटते थोडी येते."

"पाच-नऊ. फार छान येतंय. भेटून आनंद झाला, धन्यवाद," भगवंतराव म्हणाले आणि हात धुवायला उठले.