चौथी पट्टी

साहेबांचं भाषण रंगात आलं होतं आणि काका मांडीवरच्या टोपीत बोट फिरवत होते. टोपीच्या आत चिकटवलेल्या पट्ट्या तीनच होत्या. चार हव्या होत्या.

एकतीस वर्षं काकांनी विमानं धुतली. धुण्याआधी विमानाच्या अंगावरची चार बारीक भोकं पट्टीने झाकायची, आत पाणी जाऊ नये म्हणून. धुऊन झालं की पट्ट्या काढून टोपीत चिकटवायच्या आणि चार भरल्यावरच टोपी डोक्यावर घालायची, ही त्यांची स्वतःची रीत.

"पंखाखालच्या हवेचा दाब वरच्यापेक्षा जास्त, म्हणून विमान उचललं जातं," ते बायकोला सांगत. "आणि किती उंच आलो, तेही हवेचा दाबच सांगतो, या भोकांतून. भोक बुजलं की आकडा चुकला."

"एवढं कळतं, आणि घरातली बादली कुठे असते ते कळत नाही," ती म्हणे.

आज लाल पट्टी संपली होती, म्हणून चंदेरी वापरली. विमानही चंदेरीच. त्यात निरोप समारंभाची हाक आली आणि काका टोपी हातात धरूनच धावले.

"एकतीस वर्षांत एकही चूक नाही," म्हणत साहेबांनी चौकटीतलं प्रशस्तिपत्र उचललं.

चौथी पट्टी विमानावरच राहिली असणार. बाकीची तीन भोकं उघडी होती. गप्प बसले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. ते उभे राहिले.

"साहेब, मघाचं विमान थांबवा. माझी एक पट्टी राहिलीय."

"काका, नक्की ना? माणसं बसलीत आत."

"म्हणूनच सांगतोय."

विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलं होतं, ते परत आणलं. शिडीवर काकाच चढले. पट्टी तिथेच होती. त्यांनी ती नखाने सोडवली, भोकावरून बोट फिरवून पाहिलं आणि खाली उतरले. साहेब अहवाल लिहीत होते. प्रशस्तिपत्राचं नाव कोणी काढलं नाही. काकांनीही विचारलं नाही, पण त्यांना फार वाईट वाटलं.

घरी बायकोने सकाळीच भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता.

"कुठंय ते?"

"नाही दिलं. चूक झाली माझ्याकडून." त्यांनी सगळं सांगितलं.

"विमान गेलं ना नंतर?" तिने विचारलं.

"गेलं. तासाभराने."

तिने त्यांच्या हातातली टोपी घेतली. आतल्या पट्ट्या बोटाने एकेक करून मोजल्या. चार भरल्यावर टोपी खिळ्याला अडकवली.